जेवणानंतरचं कासव

नायगावच्या एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर मी एका नवविवाहित जोडप्याला खाडी विकत होतो. विकायचा होता फ्लॅटच, पण माझी पद्धत अशी की आधी खिडकी उघडायची, हात आडवा पसरायचा, एक सुस्कारा सोडायचा आणि गिऱ्हाइकाला असं वाटायला लावायचं की खाडी, पलीकडची हिरवळ आणि वरचं आभाळ हे सगळं कार्पेट एरियातच मोजलेलं आहे. सुस्काऱ्यापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. नातालवहिनीचा. वहिनी मला कधी फोन करत नाही. माझ्याशी बोलायला सुरुवात करणं सोपं, थांबवायला प्लंबर बोलवावा लागतो, असं तिचं जुनं मत आहे. म्हणून मी हसतच फोन घेतला. "मिंगेल," ती म्हणाली, "दादा गेला रे. कामावर निघाला होता. एक बूट घातला, दुसरा हातातच होता..."   माझा हात अजून खाडीकडे आडवा पसरलेलाच होता. त्या जोडप्यातली मुलगी म्हणाली, "अंकल, बसा ना जरा." रिकाम्या फ्लॅटमध्ये बसायला काय असणार? मी सरळ फरशीवर बसलो. 

त्याला आता सहा आठवडे होतील. बस्त्यावदादा माझा सख्खा भाऊ नव्हे. नंदाखालला आमच्या घरामागे केळीची वाडी आहे आणि वाडीच्या पलीकडे त्याचं घर. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, म्हणून दादा. सातिवलीत दारांच्या बिजागऱ्या बनवणारा एक कारखाना आहे, तिथे तो पॉवर प्रेसवर लागला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं, आणि गेला तेव्हा तो तिथला मेस्त्री होता. जन्मभर त्या धडाम-धडाममध्ये काढल्यामुळे त्याचे कान अर्धे गेले होते आणि आवाज दुप्पट झाला होता. त्याने बायकोच्या कानात काही कुजबुजलं तर माडावरचे कावळे उडायचे. त्याच्या शिव्या मी इथे देऊ शकत नाही, पुरवणीच्या संपादकांनाही संसार आहे. एवढंच सांगतो की एकदा त्याने बिघडलेल्या मोटरला ज्या शिव्या घातल्या, त्या ऐकून ती सुरू झाली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही दोघं आपसात घरच्या बोलीत बोलायचो. ती जशीच्या तशी लिहिली तर अर्ध्या वाचकांना दुभाषा लागेल, म्हणून इथे त्याला मी जरा सर्वांना कळेलसं बोलायला लावतो आहे. तो वरून ऐकत असेल तर आणखी एक शिवी माझ्या नावावर जमा झाली असेल.

तर हा असा माणूस. उंच, रुंद, काळ्या पाषाणाचा. डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून तुटलेली. आणि एका रविवारी दुपारी मी शिडी मागायला त्याच्या घरी गेलो, तर दार लोटलेलं, पडदे ओढलेले. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच असेल. मी दारातून हाक न मारता खिडकीला डोळा लावला. दादा हाफ पँटीत खुर्चीवर बसला होता, दोन्ही हात मांडीवर, शाळेच्या पहिल्या बाकावर बसल्यासारखा. समोर टीव्हीवर एक कासव चाललं होतं. लोकरीचं, हिरवं, गळ्यात टपालाची पिशवी. कासव चाललं होतं. मी थांबलो. कासव चालतच होतं. वाटेत एक ओंडका आला. कासवाने ओंडक्याकडे पाहिलं. मग ते वळसा घालून निघालं. आता काहीतरी होईल, कोल्हा येईल, पूर येईल, निदान पाऊस तरी, म्हणून मी वाट बघत राहिलो. काही आलं नाही. टीव्हीचा आवाजही बंद होता. शेवटी मला राहवलं नाही आणि मी खिडकीतून ओरडलो, "दादा, हे काय बघतोस?"

तो दचकला नाही, वळलासुद्धा नाही. नुसता तुटक्या बोटांचा हात वर केला आणि म्हणाला, "गप. पत्र पोचतंय."

पत्र पोचलं. एका म्हाताऱ्या बेडकीला. तिने ते वाचलं, कासवाला पाणी दिलं, संपलं. दहा मिनिटांत एक पत्र. मी आत जाऊन पोट धरून हसलो. "अरे, आवाज तरी लाव!" म्हटलं. "कशाला?" दादा म्हणाला. "ऐकण्यासारखं काही नाही, म्हणून तर बघतो." आणि मग, मी हसायचा थांबत नाही असं पाहून, "मिंग्या, बाहेर दिवसभर काही ना काही होतच असतं. दहा मिनिटं काहीच झालं नाही, तर तुझ्या बापाचं काय जातं?"

हे कासव त्याला भेटलं होतं दवाखान्यात. त्याच्या मुलीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली, मुठीएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आत फक्त आईला सोडायचे, म्हणून दादा रोज बाहेर बाकावर बसायचा. बाकासमोर भिंतीवर उंच टीव्ही. रिमोट हरवलेला, त्यामुळे तो मुलांच्या चॅनेलवरच अडकलेला. इतरांनी कंटाळून पाठ फिरवली. दादाला पाठ फिरवायला दुसरी बाजूच नव्हती, तिकडे ती पेटी होती. "तीन आठवडे कासवाकडे बघत बसलो," त्याने मला सांगितलं होतं, "मनात म्हणायचो, हे एवढं हळू चालतं, तरी रोज पोचतं. आपलं पिल्लूही हळूच पोचेल." पिल्लू पोचलं. घरी आलं, मोठं झालं, कासवापुढे टाळ्या वाजवू लागलं, आणि एके दिवशी आजोबांना म्हणालं, "आजोबा, हे छोट्या मुलांचं असतं." नातीने कासव सोडलं. आजोबांनी नाही सोडलं.

इथपर्यंत ही नुसती गंमत होती. माणसं जपमाळ ओढतात, तपकीर ओढतात, हा कासव बघतो, एवढंच मी समजत होतो. खरं काय ते कळलं पुढच्या वर्षी. नायगावच्या एका बिल्डरला बिजागऱ्या हव्या होत्या आणि मी मध्यस्थ म्हणून सातिवलीला दादाच्या कारखान्यात गेलो. पावणेदोनची वेळ. जेवणं आटोपली होती. आत शिरलो तर धडाम-धडाम नाही. सगळे प्रेस बंद. मला वाटलं वीज गेली. मग पाहिलं, भिंतीशी स्टुलावर दादाच्या घरचा जुना टीव्ही, आणि त्याच्यासमोर उलट्या घातलेल्या क्रेटवर दहा-बारा कामगार ओळीने बसलेले. उत्तर प्रदेशातला रामआसरे, ज्याच्या दंडावर वाघ गोंदलेला आहे. खाडीकाठच्या गावातली सुगंधा, जिने एकदा छेड काढणाऱ्या ट्रकवाल्याला स्पॅनर घेऊन अख्खा रस्ता पळवला होता. अशी एकेक माणसं. आणि सगळी माना किंचित तिरप्या करून कासव बघत होती. मागे, हाताची घडी घालून, मेस्त्री.

पॉवर प्रेस ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याचा तुकडा हाताने साच्यात ठेवायचा, हात बाहेर काढायचा आणि पायाने पायडल दाबायचं. वरून ठोका पडतो, बिजागरी तयार. दिवसातून हजारदा तेच. आधी हात, मग पाय. ज्या दिवशी डोकं दुसरीकडे असेल त्या दिवशी आधी पाय, मग हात... दादाची दोन बोटं अशीच गेली होती. त्या दिवशी त्याचा बाप घरून डबा घेऊन गेटवर आला होता आणि वाडीच्या वाटणीवरून दोघांची तिथेच जुंपली होती. दादा तणतणत आत आला, जेवला, मशीनवर बसला. "बापाला द्यायचं उत्तर जुळवत होतो," तो म्हणायचा. "फक्कड उत्तर सुचलं. तेवढ्यात पाय पडला."

मेस्त्री झाल्यावर त्याने एक गोष्ट हेरली. बोटं सकाळी जात नाहीत. बोटं जेवणानंतर जातात. कारण जेवताना माणसं घरी फोन लावतात. कुणाची बायको रडते, कुणाचा भाऊ फोन उचलत नाही, कुणाचा घरमालक खोली खाली करायला सांगतो. ते सगळं डोक्यात घेऊन माणूस मशीनवर येतो. म्हणून दादाने स्वतःचाच नियम केला होता. जेवणानंतर दहा मिनिटं कासव. कासव पोचल्याशिवाय मेन स्विच वर जाणार नाही. पहिल्या दिवशी लोक हसले, तेव्हा दादाने आपला डावा हात सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला आणि म्हणाला, "हसा. मीपण हसायचो." जावयाने पेन ड्राइव्हमध्ये सगळे भाग भरून दिले होते. थोरले मालक शहाणे होते, काम वेळेत निघतंय ना, मग त्यांनी कानाडोळा केला.

आता शहाण्या माणसाने हे पाहून काय करावं? मनात ठेवावं. मी काय केलं? पंधरा दिवसांनी माझ्या पुतण्याचं लग्न होतं आणि रिसेप्शनला माइक माझ्या हातात होता. आमच्याकडच्या लग्नांत केकपेक्षा माझं बोलणं लांबतं, आणि लोकांनाही ते हवं असतं, असा माझा समज आहे. मी त्या दिवशी रंगलो. सातिवलीचा वाघ, ज्याच्या शिवीने मोटर सुरू होते, तो दुपारी लोकरीच्या कासवापुढे मांडी घालून कसा बसतो, कामगार कसे बालवाडीसारखे ओळीत बसतात, मी सगळं करून दाखवलं. स्टेजवर चार पायांवर चाललोसुद्धा, सूट घालून. लोक खुर्च्यांवरून घसरले. दादा तिसऱ्या टेबलाशी होता, तोही हसला, ग्लास उंचावला. कुणीतरी मोबाइलवर टिपलं. ते टिपलेलं फिरत फिरत कारखान्याच्या धाकट्या शेठपर्यंत पोचलं. त्याला ते हसू स्वतःवरचं वाटलं. आपल्या कंपनीत कामाच्या वेळी कार्टून चालतं हे गिऱ्हाइकांनी पाहिलं तर? दुसऱ्या दिवशी स्टुलासकट टीव्ही गेला.

त्या संध्याकाळी दादा माझ्या ओटीवर आला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्याने खुर्ची ओढली, बसला, आणि इतक्या हळू आवाजात बोलला की मला पुढे वाकावं लागलं. त्याचा हळू आवाज मी त्याआधी ऐकलाच नव्हता.

"मस्त केलंस रे तू," तो म्हणाला. "चालतोस अगदी कासवासारखा. पण माझा टीव्ही गेला."

मी हातापाया पडलो. म्हटलं, उद्याच शेठकडे येतो, समजावतो, माझी जीभ कशासाठी आहे?

"नको," तो म्हणाला. "तू बोललास की आणखी काहीतरी जाईल."

 उठताना तो म्हणाला, "दहा मिनिटं तर मी सोडणार नाही. टीव्ही नाही तर मीच सांगतो. तू गोष्टी सांगतोस ना? मग शिकव मला. तुझ्यामुळे गेलंय, तूच दे भरून."

असा बस्त्यावदादा वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माझा शिष्य झाला. तीन दिवस रोज संध्याकाळी तो ओटीवर उभा राहायचा आणि मी त्याला सुरुवात कशी पकडायची, कुठे थांबायचं, आवाज कुठे चढवायचा, डोळे कसे फिरवायचे हे शिकवायचो. तो घामाघूम व्हायचा. "कासव निघालं," म्हणायचा आणि अडायचा. मग एक शिवी, मग पुन्हा "कासव निघालं." वहिनी वाडीपलीकडून ओरडायची, "अजून निघतंयच का ते?" चौथ्या दिवशी तो आलाच नाही. मी वाडी ओलांडून गेलो, तर म्हणाला, "मिंग्या, तुझं सगळं सोडून दिलं मी. तू कासवाला पळवतोस."

त्याने पुढे काय केलं ते मी सुगंधाकडून तुकड्या-तुकड्याने ऐकलं आणि दोनदा स्वतः पाहिलं. रंगमंचावर मी तीस वर्षं लुडबुड करतो आहे, चर्चच्या सणाला होणाऱ्या नाटकांत राजे केलेत, दैत्य केलेत, एकदा तर एकाच अंकात बापही मीच आणि पोरगाही मीच होतो. पण असलं काम मी केलेलं नाही आणि पाहिलेलंही नाही. तो क्रेटवर बसायचा, हात मांडीवर, आणि सपाट आवाजात सांगायचा. कासव निघालं. आज सातिवलीच्या नाक्यावर आलं. नाक्यावर टेम्पो उभा होता, तर थांबलं. टेम्पो गेला. मग चाललं... त्याने कासवाला परदेशातून उचलून आमच्या तालुक्यात आणून सोडलं होतं. ते खाडीच्या बांधावरून जायचं, नंदाखालच्या केळीत पाणी प्यायचं, नायगावच्या टॉवरखाली उभं राहून वर बघायचं आणि "इथे कोण राहतं बाबा एवढ्या वर" म्हणून पुढे जायचं. हा टोमणा कुणाला होता ते मला कळत होतं.

आणि जेवताना तो सगळ्यांचे चेहरे बघून ठेवायचा. एका दुपारी रामआसरे जेवलाच नाही. गावी भावाशी बोलणं बंद झालं होतं. दादाने त्याला काही विचारलं नाही. त्या दिवशी कासवाच्या पिशवीत एका भावाचं दुसऱ्या भावाला पत्र होतं. पत्रात काय होतं ते दादाने सांगितलं नाही. कासव रेल्वेचे रूळ धरून उत्तरेला निघालं, एवढंच. पोचायला चार दिवस लागले, म्हणजे चार दुपारी. चौथ्या दिवशी दारात भाऊ उभा होता, त्याने पत्र घेतलं, कासवाला पाणी दिलं. संपलं. मेन स्विच वर. रामआसरेने मला पुढे सांगितलं, "अंकल, भाई ने तो फोन नहीं उठाया. आज तक नहीं. लेकिन उस दिन मेरा हाथ बराबर चला."

दादामुळे किती बोटं वाचली, हे मला विचारू नका. जी बोटं गेली नाहीत त्यांची नोंद कोण ठेवणार? संध्याकाळी सुट्टी झाली की तो गेटवर उभा राहायचा आणि बाहेर पडणारा प्रत्येकजण त्याला दोन्ही पंजे पसरून दाखवायचा, शाळेत नखं दाखवतात तसा. तो नुसती मान हलवायचा. "जा." एवढं मात्र मला माहीत आहे, की तो मेस्त्री असताना ज्या हातांनी सकाळी गेटातून आत यायचं, त्याच हातांनी बाहेर जायचं, असं तिथल्या लोकांना सवयीचं झालं होतं.

मला तो कधी घालूनपाडून बोलला नाही. उलट रविवारी दुपारी मला बोलवून घ्यायचा, शेजारी खुर्ची टाकायचा आणि टीव्हीवरचं कासव लावायचा, बिनआवाजाचं. सुरुवातीला माझी चुळबुळ चालायची. मला मालिका आवडतात त्या विष कालवणाऱ्या, थोबाडीत मारताना तीनदा दाखवणाऱ्या. पण हळूहळू माझेही खांदे खाली यायला लागले. त्याच सुमारास माझ्या धंद्यात, घरात बऱ्याच गोष्टी उलट्या चालल्या होत्या, त्यातलं एक अक्षर मी कुणाला बोललो नव्हतो. मी, ज्याला पोटात काही ठेवता येत नाही असं सगळं गाव म्हणतं! दादाने विचारलं नाही. फक्त पत्र पोचलं की म्हणायचा, "अजून एक बघू?" आणि मी म्हणायचो, "बघू."

मातीच्या दिवशी सातिवलीहून टेम्पो भरून कामगार आले. चर्चमध्ये कुठे उभं राहायचं, कधी बसायचं, त्यांना ठाऊक नव्हतं. बरेचजण मागे दाराशीच चपला काढून उभे राहिले, आमच्याकडे चपला काढत नाहीत हे त्यांना कोण सांगणार? शेवटचं दर्शन घ्यायला रांग लागली तेव्हा तेही आले. सुगंधा पुढे होती. ती पेटीपाशी थांबली, क्षणभर गोंधळली, आणि मग तिने दोन्ही पंजे पसरून दादासमोर धरले. तिच्यामागे रामआसरेने. मग सगळ्यांनी, एकामागून एक. आमच्या लोकांना वाटलं, त्यांच्याकडे अशीच रीत असेल. वहिनीला कळलं. तिने प्रत्येकाला मान हलवून पुढे जाऊ दिलं.

मला वाटलं होतं, कासव तिथेच संपलं. पण तिसऱ्या आठवड्यात सुगंधाचा फोन आला. "मिंगेलशेठ, तुमी एक दिवस येता का इकडं? दुपारचं." आधी मला वाटलं, हिला फ्लॅट हवाय. मग तिने सांगितलं. दादा गेल्यावर जेवणानंतर सगळे क्रेटवर बसतात, पण बोलत कुणीच नाही. दहा मिनिटं गप्प बसून प्रत्येकजण आपापल्या घरचंच घोकत राहतो. परवा दुपारी रामआसरेच्या हातमोज्याचं टोक साच्यात चेपलं गेलं. बोट नाही, नुसता मोजा. "पन किती लांब व्हतं बोट?" ती म्हणाली. "एवढंसं." धाकटे शेठही हादरले होते, त्यांनी स्वतःहून टीव्ही परत लावून द्यायची तयारी दाखवली. "लावा म्हटलं असतं," सुगंधा म्हणाली, "पन त्या कासवाला सातिवली कुठं ठावं? मेस्त्री सांगाचे, तुमाला गोष्टी येतात."

मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, तयारी करून गेलो. क्रेटवर बसलो नाही, उभा राहिलो. कासव निघालं. मी त्याला खाडीच्या बांधावर आणलं आणि म्हटलं, आता जरा मजा आणू. आभाळ भरून आणलं. वारा सोडला. भरतीचं पाणी बांधावर चढवलं, कासवाच्या गळ्यातली पिशवी सुटली, पत्र पाण्यावर तरंगत चाललंय, कासव बघतंय, आणि तेवढ्यात... इथे मी थांबलो. थांबणं ही माझी खासियत आहे. लग्नात या जागी चमचे वाजायचे बंद होतात.

"बस करा," सुगंधा म्हणाली.

"अगं, वाचतं ते! पुढे ऐक तरी..."

"वाचल नाय तर काय? पन हे बघा." तिने शेजारी बसलेल्या रामआसरेचा हात मनगटाला धरून वर केला. गोंदलेल्या वाघासकट तो हात थरथरत होता. "आता याला मशीनवर कसा बसवू? मेस्त्रींच्या गोष्टीत असलं कायबी व्हत नव्हतं. तुमी बसा."

मी बसलो. तिने स्वतःच कासवाला पाण्यातून काढलं, पत्र वाळवलं, बांधावरून उतरवलं आणि घरी पोचवलं. अडखळत, ठेचकाळत, पाच मिनिटं जास्त लागली. मेन स्विच उशिरा वर गेला. शेठ काचेच्या केबिनमधून घड्याळाकडे बघत होते. तीस वर्षांत मला स्टेजवरून कुणी उतरवलं नव्हतं.

घरी येऊन मी वहिनीला सांगितलं. तिला हसू आलं, दादा गेल्यानंतर पहिल्यांदा. म्हणाली, "त्याला तीन महिने लागले होते. रोज सकाळी विहिरीवर एकटाच बडबडायचा. तुला वाटलं, आपोआप आलं?" मला खरंच तसंच वाटलं होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की त्याला येतं ते सोपं आहे, म्हणून त्याला जमतं.

आता मी शुक्रवारी जातो. शनिवार-रविवार माझी गिऱ्हाइकं असतात, शुक्रवारची दुपार मोकळी. बाकीचे दिवस सुगंधा सांभाळते, कधी रामआसरे. त्याचं कासव हिंदीत बोलतं आणि वाटेत फार वेळा चहा पितं. मी पहिल्या शुक्रवारी गोष्टीतलं वादळ गाळलं. दुसऱ्या शुक्रवारी चोर गाळला. तिसऱ्या शुक्रवारी एक छोटासा विनोद ठेवला होता, तर लोक हसले आणि हसल्यामुळे पुन्हा गलका झाला, तोही गाळला. विनोद गाळताना मला काय यातना झाल्या ते लिहायला वेगळी पुरवणी काढावी लागेल.

परवाच्या शुक्रवारी मी क्रेटवर बसलो. हात मांडीवर ठेवले. कासव निघालं, म्हणालो. वाटेत एक म्हैस आडवी बसलेली होती. कासव थांबलं. म्हैस रवंथ करत होती. करत राहिली. मला पुढचं काही सुचत नव्हतं आणि मी ते ओढून आणायला गेलो नाही. म्हशीच्या कानावर माशी बसली, तिने कान हलवला. माशी पुन्हा बसली. तिने पुन्हा हलवला. कासवाला घाई नव्हती. मग केव्हातरी म्हैस उठली आणि आपल्या वाटेने गेली, आणि कासव आपल्या वाटेने गेलं, आणि पत्र पोचलं. मी मान वर केली. कुणी हसत नव्हतं. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. रामआसरेचे खांदे खाली आले होते. सुगंधा उठली, पदर खोचला, एकेकाचे हातमोजे चाचपत ओळीतून गेली आणि काही न बोलता तिने मेन स्विच वर केला.

टाळी एकही पडली नाही. सगळ्यांचे हात कामाला लागले होते.